धम्मपालने निवडलेला कोर्स

आमच्या प्लांटमध्ये डोक्याला तेल लावून यायला बंदी आहे, आणि ही बंदी मालकाने घातलेली नाही, धम्मपालने घातलेली आहे. निघोज्याच्या पुढे आत वळलं की आमचा गॅस भरायचा प्लांट लागतो. तिथे तो सिलिंडर भरणाऱ्यांवरचा सुपरवायझर, आणि मी, ज्योतीराम, डिस्पॅचला. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की पेट घ्यायला काडीसुद्धा लागत नाही, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक असतं. भिंतीवर तशी पाटीही आहे. पण पाटी वाचून आजवर कोण सुधारलंय? म्हणून धम्मपाल शिफ्टच्या सुरुवातीला दारात उभा राहतो आणि एकेकाचे हात हुंगतो. अगदी नाकाला लावून हुंगतो. वडापाव खाऊन आलेल्याला साबणाकडे परत पाठवतो. मी लातूरकडचा माणूस, टाळूवर तेल थापल्याशिवाय मला अंघोळ झाल्यासारखं वाटत नाही. पहिल्याच दिवशी त्याने मला गेटवरून घरी पाठवलं. तेव्हा मनातल्या मनात त्याला ज्या शिव्या दिल्या त्या मी अजून मागे घेतलेल्या नाहीत, पण आमची दोस्ती तिथूनच सुरू झाली.

घरीही त्याचं हेच. पिंपरीत दोन खोल्यांचं घर, बायको कस्तुरा आणि एकुलती एक मैत्री. कस्तुरा पोरीच्या केसांना तेल लावायची ते फक्त रविवारी, आणि त्या दिवशी हा गृहस्थ पोरीला जवळ घ्यायचा नाही. का, तर तेल शर्टाला लागेल. दुसरा शर्ट घाल की बाबा, असं मी म्हणालो, तर म्हणाला, सवय मोडते. कस्तुरा मला सांगायची, भाऊजी, यांनी माझ्याशी लग्न केलं पण मंगल परिणयाला मनात सिलिंडरच होता. तो हसायचा आणि हात धुवायला जायचा.

आणखी एक खोड सांगतो, पुढे तिचं काम आहे. भरलेल्या सिलिंडरच्या गळ्यात चिठ्ठी अडकवायची असते आणि तिच्यावर तपासणाऱ्याची सही लागते. ती सही धम्मपाल दुसऱ्या कुणाला करू देत नाही. दुसऱ्याने तपासलेलं त्याला पटतच नाही. मी गाडी भरून उभी केलेली असते, ड्रायव्हर माझं डोकं खात असतो, आणि हा एकेका सिलिंडरपाशी वाकून पुन्हा बघत असतो. मी ओरडलो तर शांतपणे म्हणतो, हा जिच्या नाकाला लागणार आहे ती बाई काय वाचणार आहे रे? सहीच वाचणार.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत कारखान्यांचा पुरवठा बंद झाला आणि आमचा सगळा ऑक्सिजन दवाखान्यांकडे निघाला. गेटवर लोक रिक्षात, दुचाकीवर, एकाने तर दुधाच्या गाडीत सिलिंडर घालून आणला होता. लोकांना आवरायचं काम माझं, भरायचं धम्मपालचं. त्या दिवसांत मी माणसांवर इतका ओरडलो आहे की अजून चाकणच्या बाजारात कुणी रोखून बघितलं की मी नजर फिरवतो. आणि तशातच कस्तुरा आजारी पडली.

बेड मिळाला नाही. कुणालाच मिळत नव्हता, तर पिंपरीतल्या एका कामगाराच्या बायकोला कुठून मिळणार. ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवरून औषधं सांगितली आणि घरीच ऑक्सिजन लावा म्हणाले. बाकीच्यांना सिलिंडर मिळत नव्हता, धम्मपालला तो मिळाला. स्वतः भरलेला, स्वतः सही केलेला. त्याने तो जिन्यावरून खांद्यावर चढवला, नळी जोडली, पाण्याची बाटली लावली. ऑक्सिजन त्या पाण्यातून बुडबुडे काढत नाकाकडे जातो, सतत बुडबुड आवाज येत राहतो. डॉक्टरांनी तो किती ठेवायचा ते सांगितलं होतं. मग हा शिफ्टला निघून यायचा, कारण गेटवर लोक उभे होते. मैत्री तेव्हा ताथवड्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन आईजवळ बसायची.

कस्तुरा गेली तेव्हा धम्मपाल प्लांटमध्येच होता. ऑक्सिजन भरायच्या जागी फोन नेता येत नाही, त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. म्हणून मैत्रीचा फोन माझ्या टेबलावर आला. मी आत जाऊन त्याला सांगितलं. त्याने हातातली चावी फिरवून सिलिंडर बंद केला, चिठ्ठी अडकवली, सही केली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, चल. घरी पोहोचलो तर बाटलीत बुडबुडे चालूच होते. सिलिंडर अर्धासुद्धा संपला नव्हता. हे मला सगळ्यांत वाईट वाटलं. नसता मिळाला तर सरकारला, दवाखान्याला, नशिबाला, कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

तेव्हापासून धम्मपालच्या तोंडी एकच वाक्य आहे. कस्तुराच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले तेव्हा म्हणाला, दर वर्षी स्मृतिदिनाला वंदना झाली की म्हणतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतो. "अजून थोडा वाढवायला पाहिजे होता." लोक मान हलवतात, कुणी म्हणतं आपल्या हातात काय असतं. एकदा असं झालं की मैत्री चहाचा ट्रे घेऊन आली होती, तिने तो तसाच खाली ठेवला आणि आत निघून गेली. आईची आठवण आली असेल, असं मी धरून चाललो. माणूस स्वतःला शहाणा समजतो तेव्हा त्याला डोळ्यांसमोरचंही दिसत नाही.

पुढे मैत्रीला नोकरी लागली. कंपनीची सहल मालवणला गेली होती, तिथे पाठीला टाकी बांधून पर्यटकांना पाण्याखाली नेतात तशी हिलाही नेली. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. बाकीच्या पोरी वर येऊन फोटो टाकून मोकळ्या झाल्या. ही परत आली ती महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकायला लागली, आणि वर्षभरात रजा काढून स्कूबाचा पहिला कोर्सही करून आली. बापाला तिने काही लपवलं नाही. सरळ सांगितलं, मला हे आवडतं, मी हे करणार.

धम्मपाल माझ्याकडे आला तेव्हा त्याचं तोंड बघवत नव्हतं. मी म्हणालो, यात रडण्यासारखं काय आहे, बाप आहेस, नाही म्हण. तर माझ्यावरच भडकला. त्याचं मूळ गाव नगर जिल्ह्यात. तिथे त्याची आजी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणीतरी दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. कधी कधी दुपार व्हायची.

"माझ्या आजीला पाण्याला हात लावायची बंदी होती, ज्योतीराम. आता मी माझ्या पोरीला पाण्यात जाऊ नको म्हणू? कुठल्या तोंडानं म्हणू?"

आमच्याही गावात विहीर होती, आणि आमचं घर वरून ओतणाऱ्यांचं होतं. त्यावर मी त्याला काय सल्ला देणार? तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही. ती पाण्यात उतरायची त्या दिवशी हा प्लांटमध्ये येरझाऱ्या घालायचा, एकाच माणसाचे हात दोनदा हुंगायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत लॉकरपाशी फोन धरून बसायचा. तिचा वर आल्याचा मेसेज आला की मग डबा उघडायचा.

गेल्या हिवाळ्यात तिचा ग्रुप अंदमानला जायचं ठरवत होता. त्याआधी तिला पुढचा एक कोर्स करायचा होता. रजा तेवढीच शिल्लक, म्हणून दोनांतला एकच जमणार होता. एक होता खोल पाण्यात उतरायचा. दुसरा होता एनरिच्ड एअरचा, ज्याला ती लोकं नायट्रॉक्स म्हणतात. त्यात टाकीत साध्या हवेऐवजी जास्त ऑक्सिजन घातलेली हवा भरतात. नायट्रोजन कमी असल्यामुळे तो अंगात कमी मुरतो, आणि बेताच्या खोलीवर जास्त वेळ थांबता येतं. मैत्रीचं मन खोल पाण्याच्या कोर्सवर होतं. पण तिने फोन बापापुढे धरून दोन्ही समजावून सांगितले, आणि तिथे ती फसली. बापाला त्या सगळ्या समजावण्यातला एकच शब्द ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी धम्मपाल माझ्या टेबलाशी आला तो नवरदेवाच्या बापासारखा. म्हणाला, राव, साध्या हवेत एकवीस टक्के असतो, यांच्या टाकीत बत्तीस असतो. मी म्हणालो, कोण यांच्या? म्हणाला, मैत्रीच्या. मला आधी काही कळेना. मग कळलं तेव्हा मलाही पटलं. का पटू नये? आम्ही दोघांनी गेटवर जे बघितलं होतं ते बघितल्यावर कोण म्हणेल की ऑक्सिजन जास्त असणं वाईट? पोरगी पाण्यात जाणारच आहे, तिला अडवता येत नाही, मग निदान श्वास तरी भरपूर बरोबर घेऊन जाऊ दे. एवढाच त्याचा हिशोब. इतकी वर्षं लोकांना ऑक्सिजन भरून दिला, आता पोरीला देता येणार होता.

मग त्याने घरी जो लकडा लावला तो काही विचारू नका. पोरीच्या अभ्यासात, नोकरीत, कशातच कधी नाक न खुपसणारा माणूस. तो आता रोज भाजी आवडीची आणायचा आणि जेवताना हळूच विचारायचा, मग तो ऑक्सिजनवाला कधी करणार? मैत्रीने मला फोन केला. काका, पप्पा असं का करतायत, मला खोल पाण्याचा करायचाय. मी मोठा शहाणा. मी म्हणालो, तुझ्या बापाला आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासाठी काहीतरी निवडावंसं वाटतंय, निवडू दे की. आणि ऑक्सिजनने कधी कुणाचं वाईट झालंय का? ती म्हणाली, बरं. खोल पाण्याचा कोर्स तिने सोडून दिला.

क्लास रविवारी पिंपळे सौदागरला होता, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शिकवणाऱ्या विजयश्री मॅडम. या कोर्सला पाण्यात उतरावंच लागत नाही, सगळं जमिनीवर शिकवतात, हे कळल्यावर तर धम्मपालचा आनंद गगनात मावेना. मला म्हणाला, बघ, कोरडा कोर्स आहे. चौदा एप्रिलला घालायचा पांढरा शर्ट त्याने अंगात चढवला होता. मी त्याला माझ्या स्कूटरवर घेऊन गेलो, कारण मैत्रीच्या मागे बसायला त्याला लाज वाटते. मॅडमनी पालक म्हणून मागे बसायची परवानगी दिली. मीही बसलो, खाली मिठाईचा वास येत होता आणि वर पंखा होता, मला काय अडचण?

पहिला तासभर धम्मपाल मुंडी हलवत होता. नायट्रोजन, ऑक्सिजन, टक्के, दाब, सगळं त्याच्या घरचं. सिलिंडर ऑक्सिजनसाठी साफ केलेला असावा, तेल-ग्रीस चालत नाही, हे मॅडम म्हणाल्या तेव्हा तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी आपोआप टाळूवर हात ठेवला. रविवार होता, मी तेल लावून आलो होतो.

मग मॅडमनी फळ्यावर समुद्राचा पृष्ठभाग काढला आणि खाली एक आडवी रेघ मारली. म्हणाल्या, बत्तीस टक्क्यांची टाकी घेऊन या रेघेच्या खाली जायचं नाही. साध्या हवेने याहून खाली जाता येतं, या टाकीने नाही. पुष्कळ जणांना उलटं वाटतं, की ऑक्सिजन जास्त म्हणजे जास्त खोल जाता येईल. पण खाली पाण्याचा दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली जास्तीचा ऑक्सिजन शरीराला विषारी होतो. फिट येते. बहुतेक वेळा आधी काही इशारा मिळत नाही. पाण्याखाली फिट आली की तोंडातली नळी सुटते.

धम्मपालची मुंडी हलायची थांबली. त्याने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"मॅडम, ऑक्सिजननं माणूस मरतो?"

मॅडम म्हणाल्या, "हो काका. प्रमाणाबाहेर झाला तर मरतो."

त्यांनी लगेच पुढे समजावलं, हे पाण्याखालच्या दाबाचं आहे, जमिनीवर अशी फिट येत नाही, मर्यादेत राहिलं तर काही भीती नाही. चांगलं समजावलं त्यांनी. पण धम्मपाल फळ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या हातांकडे बघत होता. पुढच्या बाकावरून मैत्रीने वळून बापाकडे बघितलं आणि पुन्हा मान फिरवली.

नंतर टाक्या तपासायच्या होत्या. मॅडमनी भरलेल्या दोन टाक्या मागवून ठेवल्या होत्या. वाल्व्ह जरासा उघडायचा, हवेसमोर छोटं यंत्र धरायचं, त्यावर ऑक्सिजनचे टक्के दिसतात. तो आकडा आणि किती खोल जायचं ते चिकटपट्टीवर लिहून खाली स्वतःचं नाव लिहायचं. मैत्री टाकीपाशी गेली तसा धम्मपाल उठला. त्याला राहवलंच नाही. इतकी वर्षं हेच काम केलेलं, आणि आता पोरीची टाकी. रुमालाने हात पुसत तो पुढे झाला आणि वाल्व्हला हात घालणार, तेवढ्यात मॅडमनी त्याला थांबवलं. आवाज चढवला नाही, पण थांबवलं.

म्हणाल्या, "काका, ज्याची टाकी त्यानेच तपासायची. दुसऱ्यानं तपासून सांगितलेलं इथे चालत नाही. सख्ख्या बापानं सांगितलेलं पण नाही."

तो मागे सरला. मैत्रीने यंत्र धरलं, आकडा बघितला, पट्टीवर लिहिला, खाली नाव लिहिलं. धम्मपाल हात पाठीमागे बांधून उभा होता. त्या माणसाचे हात मी इतक्या वर्षांत असे रिकामे कधी पाहिले नव्हते. मला मॅडमचा राग आला, पण त्यांचं चूक काहीच नव्हतं, म्हणून तो राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

क्लास सुटल्यावर आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला थांबलो. पोरीला कोर्स पास झाल्याचं कार्ड मिळणार होतं, मी पेढे घेऊ का म्हणून विचारलं. धम्मपालने चहाचा ग्लास हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, डॉक्टरांनी सांगितला होता तेवढा मी ठेवला नव्हता. मी वाढवायचो. शिफ्टला निघताना रोज पूर्ण फिरवून ठेवायचो, म्हटलं आपण नाही आहोत तर जास्त असलेला बरा.

"मीच मारलं का रे तिला?"

मी काय बोललो ते सांगत नाही, कारण त्यात काही अर्थ नव्हता. वेडा आहेस का, मॅडमनी काय सांगितलं, ते पाण्यातलं आहे, हे घरातलं होतं, असलंच सगळं. तो मान हलवत होता आणि ऐकत नव्हता. तेव्हा मैत्रीने ग्लास बाकड्यावर ठेवला.

"पप्पा, तुम्ही जिना उतरलात की मी तो परत कमी करायचे. डॉक्टरांनी मलाही फोनवर सांगितलं होतं, तेवढ्यावरच ठेवायचे. तुम्ही यायच्या आधी पुन्हा वाढवून ठेवायचे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही वाढवलेला आईला लागलाच नाही."

बापावरचं ओझं उतरवायला ती बोलली होती. आणि क्षणभर उतरलंही, त्याचे खांदे खाली आलेले मी बघितले. मग त्याचं तोंड उघडलं. ते वाक्य येणार होतं, इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआप येणार होतं, आणि ते त्याच्या ओठांवर आलं तेव्हा त्याला कळलं. मलाही तेव्हाच कळलं. अजून थोडा वाढवायला पाहिजे होता, हे तो दर वर्षी सगळ्यांसमोर म्हणायचा, आणि ज्या पोरीने तो कमी केला होता ती चहाचा ट्रे घेऊन समोर उभी असायची. त्याने तोंड मिटलं. हातातला ग्लास कलला आणि चहा पांढऱ्या शर्टावर सांडला.

तो म्हणाला, बोलली का नाहीस? ती म्हणाली, काय बोलू? मग, जणू विषय बदलतेय अशा आवाजात, तिने सांगितलं की पाण्याखाली गेलं की दुसरं काही ऐकू येत नाही, फक्त आपल्याच श्वासाचे बुडबुडे. आईच्या बाटलीतून यायचा तसाच आवाज. मालवणला पहिल्यांदा खाली गेले तेव्हा तोच ऐकू आला, पप्पा, आणि मला वर यावंसं वाटेना. टपरीवाला ग्लास मागायला आला, आम्ही दिले.

त्या आठवड्यात मी एका दवाखान्यात सिलिंडर पोहोचवायच्या निमित्ताने गेलो आणि तिथल्या छातीच्या डॉक्टरांना गाठून सगळं विचारलं. ते म्हणाले, तुम्ही सांगताय त्यावरून फुफ्फुसंच निकामी झाली होती. त्या दोघांनी ती चावी इकडे फिरवली असती काय आणि तिकडे काय, काही फरक पडला नसता. मी हे धम्मपालला सांगितलं. मैत्रीलाही सांगितलं. दोघांनीही ऐकून घेतलं, दोघंही बरं म्हणाले. दोघांच्याही चेहऱ्यावरून मला दिसलं की डॉक्टरांनी हे दुसऱ्याबद्दल सांगितलंय असं प्रत्येकाला वाटतंय.

धम्मपाल कामावर येत राहिला, पण दारात उभं राहून हात हुंगणं त्याने सोडलं. पोरं आपली आपण साबणाकडे जायला लागली, तो हुंगत नाही याचीच त्यांना भीती वाटायला लागली होती. मला एकदा म्हणाला, साध्या हवेवर पाठवली असती तर ती खोल गेली असती. ऑक्सिजनवर पाठवतोय तर तो विषारी होईल म्हणतात. नको म्हणावं तर आजी आठवते. मी काय निवडू ते सांग. मी म्हणालो, तुझ्या निवडण्यासारखं काही उरलेलंच नाही बाबा. त्याला ते आधीच माहीत होतं, तरी मी म्हणायला नको होतं. मैत्री अंदमानला गेली. लोहगावला विमानतळावर सोडायला आम्ही दोघं गेलो होतो. तिने खाली वाकून बापाच्या पायांना हात लावला, त्याने पहिल्यांदाच, प्लांटच्या शर्टात, तिला जवळ घेतलं. पोरीच्या केसांना तेल होतं, मी बघितलं.

आणि एका सकाळी तिचा फोन माझ्या टेबलावर आला. बापाचा फोन लॉकरमध्ये असतो हे तिला माहीत आहे, पूर्वीही तिने मलाच केला होता. नाव बघून मी खुर्चीतून उठलोच. पण ती जेट्टीवर होती, बोट सुटायची होती, पप्पांना बोलवा म्हणाली. मी आत धावत जाऊन धम्मपालला हाक मारली आणि त्याच्याकडे बघून मला लगेच कळलं की मी धावत यायला नको होतं. तो हातातली चावी तशीच टाकून आला. सिलिंडर बंद करायला मागून दुसऱ्याला जावं लागलं.

फोन मी स्पीकरवर ठेवला, कारण त्याला तो धरता येईना. पलीकडे वारा होता आणि कुणीतरी हिंदीत घाई करत होतं.

"पप्पा, टाकी तपासली मी. बत्तीस आलं. पट्टीवर लिहिलंय. रेघेच्या खाली जाणार नाही."

मी धम्मपालकडे बघत होतो. त्याचे ओठ हलत होते. अजून थोडा, असं तो म्हणतो की काय, असं मला वाटलं. त्याने टेबलाची कड धरली आणि फोनवर वाकला.

"तेवढा पुरे, बाळा," तो म्हणाला. "तू ठेवलास तेवढाच बरोबर होता."

पलीकडून नुसता वारा आला, आणि फोन तुटला. धम्मपालने मला विचारलं, ऐकलं असेल का तिनं? मी ऐकलं म्हणालो. मी परत लावून बघितला, लागला नाही. बोट निघाली असणार. ती वर येईपर्यंत आम्हा दोघांना करण्यासारखं काहीच नव्हतं. तो थोडा वेळ माझ्या टेबलाशी उभा राहिला, मग हात धुऊन आत गेला, कारण गेटवर गाड्या उभ्या होत्या.